ट्रकच्या धुराची हमी कोणी घ्यायची?

गेल्या पावसाळ्यापूर्वी डिचोली तालुक्यातील एक ट्रकमालक आमच्या काउंटरवर हप्ता भरायला आले आणि अर्धाच भरून गेले. चार-पाच वर्षांत कधी न चुकलेला माणूस, म्हणून आम्ही विचारले. त्यांनी खिशातून सर्व्हिस सेंटरचे बिल काढून दाखवले. सायलेन्सरच्या जागी बसवलेला जो मोठा डबा असतो तो बदलला होता, शिवाय एक सेन्सर. बिल हप्त्याच्या कित्येक पट. "वॉरंटी होती ना?" असे विचारता ते म्हणाले, "होती. पण युरिया खराब भरला म्हणाले. त्यात बसत नाही म्हणाले." युरिया त्यांनी कुठल्या पंपावर, कुठल्या दिवशी भरला याची पावती त्यांच्याकडे नव्हती. आपल्याकडे ती कोण जपून ठेवतो?

आम्ही बँकेत वावरणारी माणसे, इंजिनातले आम्हास फारसे कळत नाही. कागद मात्र कळतो, आणि हा सारा प्रश्न कागदाचाच आहे.

डिचोलीत ट्रक हा धंदा कसा आला हे वाचकांस सांगायला नको. ज्यांच्या शेतात आणि कुळागरात खाणीची माती उतरली त्यांनीच पुढे कर्ज काढून ट्रक घेतले. २०१२ साली खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चपासून पुन्हा ठप्प झाल्या. दारासमोर उभे राहून गंजलेले ट्रक आपण सर्वांनी पाहिले. लिलावानंतर डिचोलीची खाण २०२४ साली सुरू झाली. तिकडे पेडण्यात मोपा विमानतळाच्या बांधकामाने अनेकांना काम दिले, आणि पत्रादेवीच्या नाक्यावरून चिरे, खडी, सिमेंट यांची ये-जा आजही चालूच आहे. या मधल्या काळात नियम बदलला. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ खेरीज नवी गाडी नोंदवता येत नाही. म्हणजे ज्याने नवा ट्रक घेतला त्याने धूर स्वच्छ करणारी सगळी यंत्रणा किमतीत धरून विकत घेतली, आणि आम्ही तिच्यासकट कर्ज दिले.

ही यंत्रणा थोडक्यात अशी. एक गाळणी काजळी अडवते व अधूनमधून तापून ती जाळून टाकते. दुसऱ्या भागात युरियाचे पाणी फवारून नायट्रोजनचे विषारी वायू निरुपद्रवी केले जातात. या पाण्यात युरिया साडेबत्तीस टक्के असावा लागतो. पाणी घालून पातळ केला की सेन्सर ओरडतो आणि इंजिन आपली ताकद कमी करून घेते. गाळणी नीट तापायला गाडी बराच वेळ जोमाने धावावी लागते. मुंबई-बंगळूरच्या महामार्गावर ते होते. आमचा टिपर खाणीवर रांगेत तासभर इंजिन चालू ठेवून उभा, मग सारमानसच्या जेटीपर्यंत धुळीतून दुसऱ्या गियरात, आणि रिकामा परत. गाळणी तापणार कधी? वर कोकणातली दमट हवा. असा वापर होणार हे विकणाऱ्याला ठाऊक नसते असे आम्ही मानत नाही.

आता मुद्दा. बीएस-६ च्या नियमानुसार १६ टनांवरच्या मालवाहू गाडीची धूरशुद्धी ७ लाख किलोमीटर किंवा ७ वर्षे टिकेल, त्याखालच्या ट्रकची ३ लाख किलोमीटर किंवा ६ वर्षे, हे कंपनीला मान्यता घेतानाच दाखवावे लागते. हे वचन सरकारला दिलेले आहे. गिऱ्हाइकाच्या हाती येते ते वॉरंटीचे पुस्तक, आणि ते कंपनीने स्वतः लिहिलेले. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत वर्षे आणि किलोमीटर असतात ते बहुधा इंजिन, गिअरबॉक्सचे. गाळणी, सेन्सर, युरियाचा पंप यांची मुदत आतल्या पानांत, बारीक टायपात शोधावी लागते. सरकारला सात वर्षांचे वचन देता येते, तर तेच ट्रकमालकाला लिहून देण्यात अडचण काय, हे आम्हास कोणी समजावून सांगावे.

अमेरिकेत ही हमी कायद्यातच आहे. मोठ्या डिझेल इंजिनाच्या धूरशुद्धीला ५ वर्षे किंवा १ लाख मैल अशी वेगळी वॉरंटी तिथे बरीच वर्षे बंधनकारक आहे. कॅलिफोर्निया राज्याने २०२२ च्या मॉडेलपासून सर्वांत अवजड इंजिनांसाठी ती साडेतीन लाख मैलांवर नेली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय नियमही बराच वाढवला गेला, त्यावर २०२५ पासून फेरविचार चालू झाला हेही खरे. तिथेही कंपन्या ओढाताण करतातच. पण वाद किती वर्षांचा यावर आहे, द्यावी की नाही यावर नाही.

आमच्याकडे भार कोणावर? पीयूसी नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दंड १० हजारांपर्यंत, तो मालकाला. बिलाला कंटाळून कोणी गॅरेजात जाऊन यंत्रणाच काढून टाकली तर गाडीत बेकायदा फेरफार म्हणून गुन्हा, तोही मालकाला. असे 'बायपास' करून देणारे आहेत हे सर्वांना माहीत आहे, आणि डिझेलची पीयूसी धुराचा काळेपणाच पाहते, नायट्रोजनचे वायू मोजतच नाही. त्यामुळे युरिया बंद केलेला ट्रक बिनबोभाट पास होतो. तो वायू मग पिळगाव, मुळगाव, मयेच्या घरांत जातो. त्या घरांतूनच ट्रकचे हप्ते येतात.

त्याच २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात ११०-अ हे कलम आले. पर्यावरणास हानी होईल असा दोष एखाद्या प्रकारच्या गाड्यांत आढळल्यास केंद्र सरकार कंपनीला त्या परत बोलावण्यास सांगू शकते. त्यासाठी तक्रारी नोंदल्या जायला हव्यात, आणि आमचा ट्रकमालक तक्रार करतो ती चहाच्या टपरीवर. ग्राहक संरक्षण कायद्यातही धंद्यासाठी घेतलेली वस्तू वगळली असली, तरी स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वगळलेली नाही. एकच ट्रक असलेला, स्वतः चालवणारा माणूस जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो. मुदत दोन वर्षांची. दहा ट्रकवाल्याचे मात्र कठीण.

आमच्या आमदारांनी आणि खासदारांनी एवढेच मागावे की धूरशुद्धीची वॉरंटी मान्यतेच्या मुदतीइतकी असावी, पहिल्या पानावर मराठी-कोंकणीत छापावी, आणि 'युरिया खराब' हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असावी. खाणवाहतुकीचे दर ठरवायला बसणाऱ्या मंडळींनी युरियाचा खर्च वेगळा धरावा. सध्या तो डिझेलच्या हिशेबात हरवतो.

तोवर सभासदांनी युरियाची प्रत्येक पावती तारखेसह जपावी, सर्व्हिस सेंटरने वॉरंटी नाकारल्यास कारण लेखी मागावे, आणि वॉरंटी पुस्तकाच्या त्या बारीक टायपातील पानांची झेरॉक्स मंडळाच्या डिचोली किंवा पेडणे शाखेत आणून द्यावी. निदान वीस-पंचवीस पुस्तके एकत्र झाली तर कोणाची कलमे काय म्हणतात ते आम्ही पुढील अंकात शेजारी शेजारी छापू.