राग फक्त घरातच का येतो?

समुपदेशनाला जोडपं समोर बसलं की नवऱ्याच्या बाजूचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "तो मनाने वाईट नाही हो, त्याला राग आवरत नाही." सासू सांगते, दीर सांगतो, पुष्कळदा मार खाणारी स्वतःच सांगते. सुशिक्षित मंडळी त्याला मानसशास्त्राची जोड देतात : लहानपणी मार खाल्लेला, कामाचा ताण, दारू.

असेल. पण हाच माणूस साहेबाने चारचौघांत पाणउतारा केला तर साहेबाच्या कानफटात का मारत नाही? मी वळ पाहिले आहेत ते पाठीवर, मांडीवर. चेहरा बहुधा मोकळा, कारण सकाळी तिला कामावर जायचं असतं. रागाने आंधळा झालेल्याला एवढं बरं दिसतं! दारात पाहुणे आले की क्षणात "या, बसा". म्हणजे राग आवरतो. कुठे हात उचलला तर किंमत मोजावी लागते, कुठे लागत नाही, हा हिशेब त्याला पक्का ठाऊक असतो.

आणि हा हिशेब त्याच्या एकट्याच्या डोक्यातला नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ४५ टक्के बायकांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी बायकोला मारण्याचं निदान एक तरी कारण योग्य ठरवलं. न सांगता बाहेर जाणं, स्वयंपाक नीट न करणं, सासू-सासऱ्यांचा मान न ठेवणं अशी ती कारणं. (आपला टक्का एकाने जास्तच!)

एवढं झालं की बोट तिच्याकडे वळतं. "मग ही निघून का जात नाही?" इथेही मानसशास्त्र हजर. १९६७ मध्ये अमेरिकेत सेलिगमन आणि मायर यांनी कुत्र्यांना चुकवता न येणारे विजेचे झटके दिले. पुढे बुटकं कुंपण ओलांडून सुटता येत असतानाही त्यांतले बरेच कुत्रे पडून राहिले. याला 'शिकलेली असहायता' म्हटलं गेलं. १९७९ मध्ये लेनोर वॉकर यांनी मार खाणाऱ्या बायकांना ही कल्पना लावली. हेतू चांगला होता, पण झालं असं की दुखणं तिच्या मनात सापडलं आणि मारणारा नामानिराळा राहिला.

गंमत म्हणजे २०१६ मध्ये त्याच दोघांनी लिहिलं की आपण उलटं समजलो होतो. दीर्घ छळात गप्प पडून राहणं ही शरीराची मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते 'माझ्या हातात काही आहे' हे. त्या कुत्र्यांनाही पुन्हा पुन्हा ओढत पलीकडे न्यावं लागलं होतं, तेव्हा ते शिकले.

आपल्याकडे तर कुंपण बुटकंही नाही. माहेर म्हणतं, आता तेच तुझं घर. खोलीचं डिपॉझिट कोण भरणार? मुलांच्या शाळेचे दाखले कोण आणणार? आणि निघण्याच्या वेळीच जिवाला धोका सर्वांत जास्त, हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं. थांबणं हाही पुष्कळदा विचार करून घेतलेला निर्णय असतो.

कौटुंबिक हिंसाचार कायद्याने २००५ मध्ये तिला त्याच घरात राहण्याचा हक्क दिला. तो बजावून देणारा संरक्षण अधिकारी मात्र अनेक ठिकाणी हे काम इतर कामांच्या जोडीला करतो. तिला 'खंबीर हो' सांगणाऱ्यांनी आधी त्या रिकाम्या खुर्चीबद्दल जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहावं.