कामगाराच्या खाटेचा प्रश्न

यात्रेकरूंच्या मुक्कामाची सोय लावणे ही नाशिकची जुनी परंपरा होय. गाडगेमहाराजांनी पंढरपूर, आळंदी, देहू व नाशिक येथे धर्मशाळा उभारल्या, त्या गरिबाला अल्प खर्चात पाठ टेकता यावी म्हणूनच. परंतु त्र्यंबक रस्त्यावरील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पोटासाठी येणाऱ्या तरुणाने पाठ कोठे टेकावी?

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 साली स्थापन झाले. भूखंड, पाणी, वीज व रस्ते एकत्र पुरविल्याखेरीज कारखाने मुंबई-ठाण्याबाहेर जाणार नाहीत, हे त्यामागील सूत्र योग्यच होते. मात्र यंत्राला जागा देताना यंत्र चालविणाऱ्याचा निवारा बाजारावर सोपविला गेला. बाजाराने उत्तर दिले, 'कॉट बेसिस'. खोली नव्हे, खाट भाड्याने! मुंबईच्या गिरणगावातही कामगार एकाच खोलीत पाळीप्रमाणे झोपत. गोवेकरांनी गावाच्या नावाने 'कूड' चालविले. तेथे अडचण होती, पण गावकीचा आधारही होता. आजच्या कंत्राटी कामगाराला तो क्वचितच लाभतो. पहिला पगार महिनाअखेरीस. अनामत मात्र पहिल्याच दिवशी!

शासनाला या प्रश्नाची जाण नाही, असे नव्हे. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची केंद्रीय योजना 1972-73 मधील आहे. स्थलांतरित मजुरांसाठी भाड्याच्या घरांची योजना 2020 साली, टाळेबंदीत मजूर पायी गावी गेल्यावर आली. जून 2024 मध्ये जीएसटी परिषदेने दरमहा 20 हजार रुपयांपर्यंतच्या वसतिगृह-निवासाला करमाफी सुचविली. परंतु मुक्काम सलग 90 दिवसांचा हवा. म्हणजे दोन महिन्यांच्या हंगामी कामासाठी आलेला, सर्वांत अस्थिर माणूसच सवलतीबाहेर! अल्प उलाढालीचा घरमालक तसाही करकक्षेबाहेर असतो. भार पडतो तो नोंदणीकृत, मोठ्या वसतिगृहावर.

स्वस्त वसतिगृहे म्हणजे तिजोरीवर बोजा, असा आक्षेप घेतला जाईल. तो अर्धवट आहे. शहरात मुख्य खर्च जमिनीचा असतो. महामंडळाने औद्योगिक क्षेत्रातील भूखंड नाममात्र भाडेपट्ट्याने द्यावा, बांधकामात कारखानदारांनी वाटा उचलावा आणि दैनंदिन खर्च निवाशांच्या माफक भाड्यातून भागवावा. अनामत हप्त्यांनी घ्यावी. हे दान नव्हे. रस्ता व वीज यांइतकीच ती उत्पादनाची गरज आहे.

सिंहस्थासाठी साधुग्रामाची आखणी होते, ती व्हावीच. पण सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. सातपूरला कामगार रोज येतो. त्याच्या खाटेची आखणी कोण करणार, याचे उत्तर महापालिका व महामंडळ यांनी एकत्र बसून दिले पाहिजे.