विश्लेषण : प्रबंध दोन शाखांचा, मग नोकरी कोणत्या विभागात?

गावातल्या नळाला पाणी का येत नाही, याचं उत्तर एका विषयात सापडत नाही. पंप आणि पाइपलाइन अभियांत्रिकीत येतात, विहिरीची पातळी भूजलशास्त्रात आणि थकलेलं वीजबिल ग्रामपंचायतीच्या अर्थकारणात. म्हणूनच अशा प्रश्नावरची पीएचडी दोन-तीन शाखांत पसरते. तंत्रशिक्षण संस्थांमध्ये असे प्रबंध लिहिले जात आहेत. पण अनेकांची खरी अडचण पदवी हातात आल्यावर सुरू होते.

असं संशोधन कुठे होतं?

आयआयटी मुंबईत ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानावर काम करणारं 'सितारा' केंद्र १९८५मध्ये सुरू झालं. २०१२मध्ये तिथेच हवामान अभ्यासाचा आंतरविद्याशाखीय कार्यक्रम आला. अशा ठिकाणी अभियंत्यांसोबत विज्ञान आणि समाजशास्त्रांचे विद्यार्थीही असतात. आयआयटीसारख्या संस्थांनी बहुशाखीय व्हावं, असं २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगतं.

अडचण काय येते?

अनेकदा मार्गदर्शक दोन असतात आणि दोघांच्या कसोट्या वेगळ्या. एक मोजमापं आणि गणिती प्रारूप मागतो. दुसरा विचारतो, हीच गावं का निवडली, मुलाखती कुणाच्या घेतल्या? नवा विषय पायापासून शिकण्यात सुरुवातीचे महिने जातात, पण फेलोशिपचं घड्याळ थांबत नाही. जानेवारी २०२३पासून केंद्राचा दर पहिली दोन वर्षं दरमहा ३७ हजार आणि नंतर ४२ हजार रुपये आहे. प्रबंध लांबला आणि फेलोशिपची मुदत संपली, की घरखर्चाचा प्रश्न उभा राहतो.

नोकरीचं काय?

अभियांत्रिकी महाविद्यालयांत सहायक प्राध्यापक होण्यासाठी एआयसीटीईच्या नियमांनुसार बीई आणि एमई 'संबंधित शाखेत' लागते. पीएचडी ही अट पुसून टाकत नाही. बीई मेकॅनिकल आणि पीएचडी पाणी-धोरणात असेल, तर स्थापत्य विभाग आधीच्या पदव्यांवर बोट ठेवतो आणि मेकॅनिकल विभागाला प्रबंध आपल्या विषयातला वाटत नाही.

बदल होतोय का?

यूजीसीने जानेवारी २०२५मध्ये मांडलेल्या मसुद्यात आधीच्या पदव्या वेगळ्या असल्या, तरी पीएचडीच्या विषयात शिकवता यावं, अशी तरतूद सुचवली होती. दिशा योग्य आहे. पण पीएचडीच दोन विषयांच्या मधली असेल, तर तिच्या नावाचा विभाग किती महाविद्यालयांत असतो? जागा विभागवार निघतात, तोवर हा पेच सुटणार नाही.

प्रवेश घेण्याआधी काय पाहावं?

पदवीवर कोणत्या शाखेचं नाव येतं? दोन्ही मार्गदर्शकांनी आधी एकत्र काम केलंय का? आणि सर्वांत महत्त्वाचं, तिथून पीएचडी झालेले आज कुठे नोकरी करतात? माहितीपत्रकात नसेल, तर ही उत्तरं तिथल्या आजी-माजी विद्यार्थ्यांकडे मिळतात.