हत्तीपाय झाकू नका, मोजा



पौर्णिमेच्या वंदनेला विहारात एखादी माय सर्वांत मागे, भिंतीला टेकून बसलेली असते. तिचा एक पाय लुगड्याच्या घोळात झाकलेला असतो. वंदना आटोपून सगळ्या घरी गेल्या की ती हळूच उठते. अशाच एका मायशी आम्ही बोललो. धानाच्या बांधीत राबलेली ही बाई. तिचा उजवा पाय पंधरा वर्षांपासून सुजलेला.

"रोज पाय धुवा म्हणून दवाखान्यातली नर्सबाई सांगते. पण धुवून काय होते जी? होता तेवढाच आहे."

आम्ही विचारले, "माय, कधी मोजला काय?"

ती हसली. "पाय का कोणी मोजते?"

होय, मोजतात. आज त्याविषयीच लिहीत आहोत.

हत्तीरोग हा देवीचा कोप नाही, करणी नाही आणि मागल्या जन्मीचे पापही नाही. घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास रोग्याला चावतो, त्याच्या रक्तातले सूक्ष्म जंतू घेतो आणि पुढे दुसऱ्याला देतो. हे जंतू शरीरात वाढून धाग्यासारखे कृमी होतात व लसिकेच्या नळ्यांत घर करतात. नळ्या निकामी झाल्या की पाणी पायात साचते. पुढे बोटांच्या बेचक्यांतील चिरांतून दुसरे जंतू आत शिरतात. मग थंडी वाजून ताप येतो, जांघेत अवधाण येते, पाय लाल होतो. अशा प्रत्येक तापासरशी सूज वाढत जाते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर या भागांतील आमच्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको.

आता मापाकडे येऊ. सूज डोळ्यांना फसवते. ती सकाळी कमी असते आणि दिवसभर उभे राहिले की सायंकाळी वाढते. रोज पाहणाऱ्याला थोडा फरक कळत नाही. फरक कळला नाही की माणूस कंटाळतो आणि पाय धुणे सोडून देतो. म्हणून माप हवे.

मोजण्याची जुनी रीत पाण्याची आहे. काठोकाठ भरलेल्या भांड्यात पाय घालायचा आणि बाहेर सांडलेले पाणी मोजायचे. जेवढे पाणी सांडले, तेवढे पायाचे आकारमान. रीत चोख आहे, पण तिला वेळ फार लागतो, प्रत्येक रोग्यासाठी पाणी बदलावे लागते आणि जखम असलेला पाय त्यात घालता येत नाही. दुसरी रीत टेपची. ठरावीक अंतरावर पायाचा घेर घ्यायचा आणि पाय म्हणजे एकावर एक रचलेली टोक कापलेली नरसाळी आहेत असे मानून हिशेब करायचा. यात टेप कोणी सैल धरतो, कोणी आवळतो, म्हणून मोजणारा बदलला की आकडाही बदलतो.

तिसरी रीत नवी आहे. टॅबलेटला एक छोटा कॅमेरा जोडतात. तो पायावर अवरक्त किरण टाकतो. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. टीव्हीच्या रिमोटमधून निघतात त्याच जातीचे ते असतात, क्ष-किरण नव्हेत, त्यामुळे भिण्याचे कारण नाही. मोजणारा पायाभोवती कॅमेरा फिरवतो. पायाचा कोणता भाग किती दूर आहे यावरून यंत्र पडद्यावर पायाचा आकार उभा करते आणि घेर व आकारमान दोन्ही सांगते. पायाला हात लावावा लागत नाही. सर्व सामान पिशवीत मावत असल्याने ते खेड्यातही नेता येते.

या यंत्राची परीक्षा श्रीलंकेत गॉल येथे हत्तीरोगाच्या सुमारे ५० रोग्यांवर झाली आणि ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. यंत्राचे आकडे पाण्याच्या व टेपच्या मापांशी चांगले जुळले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून हत्तीरोग श्रीलंकेतून हटला, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच मान्य केले होते. तरीही तेथील डॉक्टर पाय मोजत होते. कारण रोगाचा प्रसार थांबला तरी ज्यांचे पाय आधीच सुजले, ती माणसे मागे उरतात. त्यांना विसरायचे नाही, हा त्या मोजण्यामागचा विचार आहे.

हे यंत्र उद्या आपल्या आरोग्य केंद्रात येईल, असे आम्ही म्हणत नाही. पण शिंप्याची टेप तर घरोघरी असते. आठवड्यातून एकदा, सकाळी उठल्याबरोबर मोजावे. जमिनीपासून १०, २० आणि ३० सेंटिमीटरवर पायाला पेनाने खुणा कराव्यात. टेप आवळू नये, सैलही सोडू नये. दर वेळी एकाच माणसाने मोजावे आणि तारखेसह वहीत लिहावे. दोन्ही पाय मोजावेत. दवाखान्यात जाताना वही सोबत न्यावी.

मापासोबत निगा हवीच. पाय रोज साबणाने व साध्या पाण्याने धुवावा, बोटांच्या बेचक्या मऊ फडक्याने कोरड्या कराव्यात, चिरांना डॉक्टरांनी दिलेले मलम लावावे. बसताना-निजताना पाय उंच ठेवावा, घोटा वर-खाली हलवावा, अनवाणी फिरू नये. ताप येऊन पाय लाल झाला तर शेकू नये, लेप-डाग करू नये. थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

सरकारी मोहिमेत वर्षातून एकदा डीईसी व अल्बेंडाझोलच्या गोळ्या देतात. काही जिल्ह्यांत सोबत आयव्हरमेक्टिनही असते. त्या उशाखाली ठेवू नका, जेवून, कर्मचाऱ्यासमोर गिळा. दोन वर्षांखालील मुले, गरोदर बाया आणि फार आजारी माणसे यांना मात्र देऊ नयेत. या गोळ्यांनी आलेली सूज उतरत नाही, पण रक्तातले जंतू मरतात आणि पुढच्या पिढीचे पाय वाचतात.

मायच्या मनात आणखी एक गोष्ट होती. ती नातीला जवळ निजू देत नव्हती. "माहा रोग पोरीला लागला तर तिचं लग्न कसं होईन?" हे ऐकून आमच्या पोटात कालवले. शिवाशिवीचे दुःख भोगलेल्या आपल्या समाजाने आपल्याच घरातल्या आजीला वेगळे बसवावे काय? हा रोग स्पर्शाने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही आणि आजीचा म्हणून नातीच्या रक्तातही येत नाही. स्वतःच्या घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन आपल्या हातांनी धुतले, हे विनयात आहे. त्या तथागतांपुढे बसताना कोणाला पाय झाकावा लागू नये.

त्या दिवशी नातीनेच टेप आणली. तिघांनी मिळून खुणा केल्या. पोरीने शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर सहा आकडे लिहिले, वर तारीख टाकली. माय म्हणाली, "आता पुढच्या आठवड्यात पाहू."

आपल्या विहारातही मागे बसलेली कोणी माय असेल. येत्या पौर्णिमेला महिला मंडळाने तिच्या शेजारी जाऊन बसावे. टेप सोबत असू द्यावी.