'खातो, पण काम करतो'

परवा एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंद करायची होती, हा चौथा हेलपाटा. बाकावर शेजारी बसलेले काका अगदी आपुलकीने म्हणाले, "काळजी करू नका. हे साहेब खातात, पण काम करतात. आधीचे खायचेही आणि फिरवायचेही!"

मी हसलो. घरी येताना गाडीवर विचार करत होतो की आपण हे कौतुक म्हणून बोलतो, राव!

मग एक खेळच लागला डोक्याला. मराठीत आपण काय काय खातो? मार खातो, शिव्या खातो, बोलणी खातो, ठेच खातो, बसमध्ये धक्के खातो, आयुष्यभर टक्केटोणपे खातो. ही झाली एक पंगत. यातलं एकही पोटात जात नाही, सगळं अंगावर येतं.

दुसऱ्या पंगतीत पैसे, लाच, मलई आणि टक्केवारी. भावसुद्धा हीच मंडळी खातात. क्रियापद एकच, पण 'टक्केटोणपे' खाणारा वेगळा आणि 'टक्के' खाणारा वेगळा. पहिल्या पंगतीत कोण बसतं आणि दुसरीत कोण, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता काहीजण म्हणतील, भाषाच आहे ती, एवढं काय त्यात? आहे. खाणं ही गरज आहे. भूक लागली की माणूस खातो, त्याला कोणी गुन्हा म्हणत नाही. म्हणून 'पैसे खाल्ले' म्हटलं की चोरीचा वास जातो आणि जेवणाचा येतो. वर 'चहापाणी' आहेच. कौटिल्यानेही अर्थशास्त्रात हेच रूपक वापरलंय. जिभेवरचा मध चाखल्याशिवाय राहवत नाही, तसा सरकारी पैसा. आणि पाण्यातला मासा पाणी कधी पितो ते कळत नाही, तसा अधिकारी. पण त्याने हे सांगितलं ते लक्ष ठेवण्यासाठी. आपण मात्र 'चालायचंच' म्हणण्यासाठी वापरतो.

आपल्याच भाषेत याचा निवाडाही आहे. खाल्ल्या मिठाला जागावं, खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत. साहेबांचा पगार म्हणजे आपल्या करातलं मीठच की! आणि लाज जाईल असं वागणाऱ्याला आजी सरळ म्हणायची, "शेण खाल्लं मेल्याने." पैसे खाणाऱ्याबद्दल हे वाक्य शेवटचं कधी ऐकलंत? उलट लग्नाच्या बैठकीत 'वरकमाई चांगली आहे' हा गुण म्हणून सांगतात.

आता माझी गोष्ट. मी त्या दिवशी दोन हजार दिले. घरी बायकोला काय सांगितलं? "चारले त्याला." जणू दारातल्या गाईला घास घातला! म्हणजे त्याचं 'खाणं' जसं सोज्वळ, तसं माझं 'चारणं'ही सोज्वळ. मी लाच दिली, असं माझ्याही तोंडून निघालं नाही.

आणि कायदा काय सांगतो? भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा 1988 चा. त्यात 2018 च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार आहे. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार करायची. लाचलुचपत विभागाचा 1064 हा टोल फ्री नंबर आहे. राज्यात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली असते आणि काम अडवलं तर अपील करता येतं. मला हे माहीत होतं. तरी दिले, कारण पाचवा हेलपाटा नको होता. रजा संपली होती. हे कारण खरं आहे, पण समर्थन नाही.

एका शब्दाने भ्रष्टाचार संपत नाही, हे मलाही कळतं. पण निदान आपल्यापुरतं तरी बोलणं सरळ करूया. 'खातो' नको, 'लाच घेतो' म्हणूया. 'चारले' नको, 'लाच दिली' म्हणूया. बोलून बघा, जीभ अडखळते. मला वाटतं, तिथूनच सुरुवात होईल.

आणि पुन्हा कोणी 'खातो, पण काम करतो' म्हणालं, तर एवढंच विचारा: काका, मग पगार कशाचा घेतो?