टॅपेटची फट आणि शाळेतली एक खोली



या पानावर प्राचार्यांनी निकालाविषयी लिहावे अशी अपेक्षा असते. निकाल सर्वांनी वाचलाच आहे. मी आज माझ्या मोटारसायकलविषयी लिहिणार आहे. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीशी त्याचा संबंध आहे, म्हणून विश्वस्तांनी पान उलटू नये ही विनंती. माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. माझ्या मराठीला अधूनमधून हिंदीची फोडणी पडते, तीही सांभाळून घ्यावी.

गाडी शंभर सीसीची आहे, जुनी आहे, रोज मला शाळेत आणते. मागच्या वर्षी इंजिनाच्या वरच्या भागातून टिकटिक आवाज येऊ लागला. मी मिस्त्रीकडे गेलो आणि म्हणालो, "आवाज बंद झाला पाहिजे." त्याने दहा मिनिटांत बंद केला. मी खूश. चार-पाच महिन्यांनी गाडी सकाळी किक मारून मारून दम काढू लागली, चढावर ओढेना. पेट्रोल बदलले, प्लग बदलला, फरक नाही.

एका रविवारी बारावीतला एक विद्यार्थी अर्जावर सही घ्यायला घरी आला. विज्ञान सोडून कला शाखेत जायचे, असा अर्ज होता. भौतिकशास्त्रात तो माझ्याच पेपरात जेमतेम पास झालेला. मी अंगणात किक मारत होतो. तो जरा वेळ ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "सर, हिचं कम्प्रेशन गेलंय. टॅपेट कुणी टाइट केलं होतं का?"

आता मंडळी, मी गेली पंचवीस वर्षे फळ्यावर चार स्ट्रोकचे इंजिन काढतो आहे. चूषण, संपीडन, शक्ती, निष्कासन. मी हिंदीत शिकलो आणि मराठीत सांगितले. पण टॅपेट घट्ट केल्याने माझी गाडी का मरगळली, हे मला कळले नव्हते.

कारण साधे आहे. हवा-पेट्रोल आत घेणारी एक झडप आणि धूर बाहेर सोडणारी एक, अशा दोन झडपा वर असतात. रॉकर नावाचा दांडा त्यांना दाबून उघडतो. रॉकरच्या स्क्रूचे टोक आणि झडपेची दांडी यांत मुद्दाम बारीक फट ठेवतात, कारण तापल्यावर दांडी लांबते. आपल्याकडच्या शंभर सीसीच्या गाड्यांत ही फट साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटर असते, म्हणजे डोक्याच्या एका केसाइतकी. नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत छापलेला असतो. ती पुस्तिका बहुतेक घरांत विम्याच्या कागदांबरोबर कपाटात निजलेली असते. माझीही तिथेच होती.

फट जास्त झाली की टिकटिक होते. फटच उरली नाही, तर आवाज मुळीच येत नाही, पण तापलेली झडप पुरती मिटत नाही. मिटलेली झडप आपली उष्णता बैठकीला देऊन निवते. अर्धवट मिटलेलीच्या कडेवरून जळता वायू निसटतो आणि ती कड जळू लागते. मी मिस्त्रीला गाडी ठीक करायला सांगितलेच नव्हते, गप्प करायला सांगितले होते. त्याने सांगितले तेच केले. हेड उघडले तेव्हा धुराची झडप एका बाजूने खाल्ली गेली होती.

नवी झडप गॅरेजमध्ये बसली. त्यानंतरची फट मात्र मी स्वतः घरी बसवली, त्या मुलाच्या देखरेखीखाली. तो म्हणाला, "सर, सकाळी सहाला येतो, त्याआधी गाडी चालू करू नका." इंजिन गार असताना घेतलेले मापच खरे. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी हवाच चाळीस अंशांवर जाते, तेव्हा हे काम पहाटेचेच. शब-ए-मालव्याची थंड रात्र कवींनाच नव्हे, इंजिनालाही लागते हे मला त्या दिवशी कळले.

डाव्या बाजूची दोन झाकणे काढली. प्लग काढला, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरते. चाकावरची टी ही खूण समोरच्या खाचेशी आणली, आणि तिथे त्याने मला थांबवले. "सर, पिस्टन वर आलाय. पण हा कम्प्रेशनचा वर, की धूर सोडतानाचा वर?" मी गप्प. पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो, त्यातल्या एकाच वेळी दोन्ही झडपा पूर्ण मिटलेल्या असतात. हा प्रश्न मीच परीक्षेत घालतो. त्याने दोन बोटांनी दोन्ही रॉकर हलवून पाहिले. ते ढिले नव्हते. त्याने इंजिन आणखी एक पूर्ण फेरा फिरवले, पुन्हा हलवले. आता ढिले होते. "हा बरोबर," तो म्हणाला. हेच उत्तर त्याने लेखी परीक्षेत लिहिले नव्हते. प्रश्न कुणी चुकीचा विचारला, यावर मी बरेच दिवस विचार करतो आहे.

मग फीलर गेज. उघडमिट होणाऱ्या पोलादी पत्त्यांची ही जुडी, प्रत्येक पत्तीवर तिची जाडी कोरलेली. ठरलेल्या जाडीची पत्ती फटीत सरकवायची. ती अडकूही नये आणि सैल सुटूही नये, किंचित ओढ देत यावी. मी लॉकनट कसला आणि विजयी मुद्रेने वर पाहिले. "परत मापा," तो म्हणाला. नट कसताना स्क्रू किंचित फिरला होता, पत्ती आत जाईना. असे चार वेळा झाले. गाडी चार हजार फेऱ्यांवर धावते तेव्हा प्रत्येक झडप मिनिटाला दोन हजार वेळा उघडते. अर्ध्या तासाच्या प्रवासात साठ हजार वेळा. इतक्या वेळा होणारी चूक चौथ्यांदा मापून थांबवावी, हे त्या मुलाला कुणी शाळेत शिकवले नव्हते.

माझ्या वडिलांची पिढी असे काम रोज करी. चेतक आडवी कलवून चालू करणे, प्लग पॉलिश कागदाने घासणे, घराघरांत चाले. त्या दोन स्ट्रोकच्या इंजिनाला या झडपा नव्हत्याच. सिलिंडरच्या भिंतीतली भोके पिस्टनच उघडी आणि मिटी. १९८५ साली हीरो होंडाची सी.डी. १०० आली. तिच्या जाहिरातीचा अर्थच असा होता, की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. गाडी खरेच उत्तम होती. आपण मात्र पेट्रोलाबरोबर पाना धरायचेही विसरलो.

आता बैठकीचा विषय. आपल्या शाळेतली सुतारकामाची खोली रिकामी करून तिथे आणखी एक स्मार्ट क्लास करावा, असा प्रस्ताव आहे. त्यावर माझीही सही आहे. ती सही मी मागे घेत आहे, आणि जाहीरपणे.

मी नवीन काही मागत नाही. वर्ध्याला १९३७ मध्ये गांधीजींनी नयी तालीम मांडली. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये कार्यानुभव सुचवला. २०२० च्या शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे असे आहे. कागदावर हे सगळे सुखरूप असते. पण पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून. तिथून निघालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात शाळेतली मुले आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, शेती, स्वयंपाक आणि आरोग्य हातांनी शिकतात, आणि गावातली खरी कामे करून देतात. खेड्यातल्या शाळेला हे जमते, तर इंदूरच्या शाळेला न जमायला काय झाले? पीथमपूरचे कारखाने आपल्या दारात आहेत. आपली मुले मात्र भंवरकुआंच्या कोचिंगमधून थेट घरी येतात.

एक पालक मला म्हणाले, "सर, हात काळे करायला आम्ही फी भरतो का?" हो, थोडीशी त्यासाठीही भरावी. दुसरे म्हणाले, आता विजेच्या गाड्या आल्या, त्यांना झडपाच नाहीत. खरे आहे, चेतकही आता विजेची झाली. पण मापावे, कसावे, पुन्हा मापावे, हे बॅटरीच्या जोडणीलाही लागते. वॉरंटीतली नवी गाडी कुणी उघडू नये, आणि मोठ्या इंजिनांत स्क्रूऐवजी चकत्या असतात, ते काम आपले नव्हे, हेही सांगून ठेवतो. मुलींचे काय, असेही विचारले गेले. मुलीही स्कूटर चालवतात, एवढेच उत्तर मी दिले.

मला एक टेबल, भंगारातले एक इंजिन, पान्यांचा एक संच आणि चार फीलर गेज हवेत. त्या मुलाचा अर्ज अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. सही करायची की नाही, हे त्याला आणि त्याच्या वडिलांना बसवून ठरवीन. मात्र त्याआधी येत्या शनिवारी सकाळी साडेसहाला तो सुतारकामाच्या खोलीत टॅपेट बसवून दाखवायला तयार झाला आहे. विश्वस्तांनी आपापल्या मोटारसायकली आणाव्यात. इंजिन गार हवे, म्हणून सकाळी चालवत आणू नयेत. शुक्रवारी संध्याकाळीच शाळेत लावून जावे. चौकीदाराला सांगून ठेवले आहे.