रंग नव्हे, सांगाडा पाहा

गोव्यात तयार झालेली ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी सेकंडहँड घ्यायची, तर चकचकीत रंगावर भुलू नये. तिची बॉडी फायबरची. ती गंजत नाही, म्हणूनच फसवते. खालचा सांगाडा मात्र पोलादी, आणि समुद्राची खारी हवा त्यालाच खाते. गाडी रॅम्पवर चढवून सस्पेन्शनचे जोड बघावेत, कार्पेट उचलून तळ तपासावा. पेचकसाच्या मुठीने ठोकल्यावर बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले, तर लोखंड आतून गेले समजावे. समुद्रापासून दूर, वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा (घाडगे)च्या कोरड्या हवेत गंज थांबेल, असे कुणी म्हणेल. पण जोडांत साचलेले मीठ पावसाळ्यात पुन्हा ओल धरते. वेल्डिंगने भागते, हेही अर्धेच खरे. चाकांचे धक्के आणि ब्रेकचा ताण याच सांगाड्यावर येतो. विकणारा गाडी खालून पाहू देत नसेल, तर सौदा तिथेच सोडावा.